पत्र्याचा घाम

आमच्या वर्कशॉपला पत्रे लागले ते भूकंपाच्या साली. त्याआधी वर्कशॉप म्हणजे मानवत-पाथरी पट्ट्यातल्या आमच्या गावाबाहेर, रस्त्याकडंचा एक जुना लिंब. लिंबाखाली ऐरण, हातानं फिरवायचा भाता आणि अण्णांची एक लाकडी पेटी. पेटीला तेवढं कुलूप होतं, बाकी सगळं उघड्यावर. पाऊस आला की ऐरणीवर पोतं टाकायचं आणि घरी यायचं. घर गावठाणात होतं, माळवदाचं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, लोक दमून झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून कितीतरी लांब, पण आमच्या घरातही उतरंडीची मडकी वाजली आणि आढ्यातून माती भुरभुरली. मायनं आम्हा दोघा भावांना ओढून अंगणात आणलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा. सकाळी रेडिओवर लातूर-उस्मानाबादचं कळायला लागलं. सुमारे आठ हजार माणसं गेली आणि त्यातली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. भिंत फुगली, तुळई सुटली आणि अंगावर आली ती नुसती माती.

त्या हिवाळ्यात आमच्याकडं कोणी घरात झोपलं नाही. जिल्हा वेगळा असला म्हणून काय झालं, माळवद तेच होतं. लोक अंगणात बाजा टाकून झोपायचे, वर मेणकापड. आणि ज्याच्या हातात चार पैसे आले त्यानं माळवद उतरवून पत्रे टाकायला सुरुवात केली. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावाचा रंग बदलला. रस्त्यावरून पाहिलं की आधी गाव मातीत मिसळून जायचं, दिसायचंच नाही. आता उन्हात चमकायला लागलं.

आबा, म्हणजे माझे आजोबा, याच्या विरोधात होते. त्यांनी मोगलाई पाहिलेली, रझाकाराच्या धामधुमीत रात्री शेतात काढलेल्या, ७२ च्या दुष्काळात गावातल्या कितीकांनी माळवदाच्या सागवानी तुळया काढून विकल्या तेही त्यांनी पाहिलेलं. त्यांचं म्हणणं एकच, "माळवदानं मानसं मारली न्हाईत. मानसांनी माळवद मारलं."

याचा अर्थ मला फार उशिरा कळला. माळवद म्हणजे काय, हे आता शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल, आणि खरं म्हणजे खेड्यातल्या तरुण पोरालाही. भिंतीवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचा म्हणजे लाकडाच्या बारक्या पट्ट्या दाटीनं बसवायच्या. त्यावर निरगुडीचा नाहीतर लिंबाचा पाला. पाल्यावर पांढरी माती, धुमसून, पन्हाळीकडं उतार देऊन. मध्ये कुठंतरी सवणं, म्हणजे उजेड यायला आणि धूर जायला ठेवलेलं भोक. दर उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, वर नवीन मातीचा हात द्यायचा. गोम इथंच होती. जुनी माती खरडून काढायची आणि मग नवी टाकायची, ही मूळ रीत. खरडायला माणसं लागतात, कष्ट लागतात. लोकांनी खरडणं सोडलं आणि नुसती टाकायला लागले. वीतभर जाडीचं माळवद पिढी-दोन पिढ्यांत दीड-दोन हाताचं झालं. ते ओझं तुळयांवर, तुळयांचं भिंतींवर, आणि भिंती मातीत रचलेल्या, आतला दगड बाहेरच्या दगडाशी बांधलेला नाही. आबांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण ज्याच्या घरात दोन लेकरं झोपतात त्यानं तथ्याकडं पाहायचं की आढ्याकडं?

अण्णांनी माळवद उतरवलं. घराला पत्रे टाकले. तुळया चांगल्या होत्या, त्या विकल्या आणि त्या पैशातून रस्त्याकडंला लिंबाशेजारी वर्कशॉपचं शेड उभं केलं. १९९४ चा उन्हाळा. वीस बाय तीस फूट, दोनपाखी, जुन्या पाइपाचा सांगाडा, छताला आणि चारी बाजूंनी नालीचे पत्रे. निम्मे पत्रे सेकंडहँड, कुठल्यातरी मोडलेल्या गोदामाचे. उतरवलेल्या माळवदाची पांढरी माती घरामागं ढिगाला पडून राहिली. गावात अशा ढिगांची तेव्हा रांग लागली होती.

पत्रा आपल्याकडं नवा नव्हता. नालीच्या पत्र्याचं पेटंट १८२९ साली लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं घेतलं. सपाट पत्रा वाकतो, तोच नाल्या पाडल्या की माणसाचं वजन पेलतो, एवढीच अक्कल, पण तिनं जग झाकून टाकलं. पुढं १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यानं लोखंडाला जस्ताचा थर द्यायची रीत पेटंट केली आणि पत्रा गंजायचा थांबला, निदान उशिरा गंजायला लागला. आमच्या भागात तो आला रेल्वेबरोबर. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी निजामाच्या मुलखातली छोट्या रुळांची गाडी साधारण १९०० च्या सुमारास सुरू झाली. स्टेशनाचं मालगोदाम पत्र्याचं, मग सेलू-मानवतच्या जिनिंगचे शेड पत्र्याचे. पण ती कापसाची आणि सरकीची घरं. त्यात माणूस काम करून संध्याकाळी बाहेर यायचा. माणसानं दिवसरात्र पत्र्याखाली राहायचं, ही आमच्याकडची तऱ्हा भूकंपानंतरची.

शेड उभं राहिलं तेव्हा अण्णा फार खूश होते. वीज घेतली, वेल्डिंग मशीन घेतलं, हप्त्यावर. बैलगाडीच्या धावा चढवणारा लोहार आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला डाग मारायला लागला. गिऱ्हाईक "मिस्तरी" म्हणायला लागलं. पहिला पावसाळा बरा गेला. मग दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका पहाटे दादा शेड उघडायला गेला तो पळत परत आला. "अण्णा, शेड गळतंय!"

पाऊस नव्हता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आणि शेडमध्ये मात्र टपटप चालू. ऐरणीवर, मशीनवर, रॉडच्या पुड्यावर, सगळीकडं थेंब. अण्णांना वाटलं, जुन्या पत्र्याची भोकं. दुपारी वर चढून त्यांनी प्रत्येक बोल्टाला डांबर लावलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा टपटप. परत डांबर. आठवडाभर हे चाललं. कानशीवर, छिन्न्यांवर तांबूस गंज धरला. रॉड ओलसर झाले, आणि ओल्या रॉडनं मारलेला डाग आतून जाळीदार होतो, वरून चांगला दिसतो पण भार पडला की तुटतो. एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा हूक असाच भर रस्त्यात सुटला. कोणाला लागलं नाही हे नशीब. त्या माणसानं भांडण केलं नाही, पण परत आमच्याकडं आलाही नाही. पौषात मशीनचं वायंडिंग जळालं. हप्ते अजून फिटले नव्हते.

त्या वेळी आबा शेडवर आले. एरवी ते यायचे नाहीत, पत्र्याचा राग होता. पहाटेच आले, आत उभे राहिले, वर पाहिलं, पत्र्याला हात लावला. मग म्हणाले, "गळत न्हाई रे हे. पत्रा घामतोय."

"घामतोय म्हंजी?" अण्णा म्हणाले.

"भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढून बघ. त्येला कोण भोक पाडलंय?"

एवढं बोलून त्यांनी युरियाच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद मागितला, तो शेडच्या जमिनीवर अंथरला आणि चारी कडांना दगड ठेवले. दुसऱ्या सकाळी कागद उचलला तर खालच्या बाजूनं पाणी डवरलेलं, कोणी शिंपडल्यासारखं. पाणी वरून येत नव्हतं, खालून येत होतं.

आता याचं शास्त्र मी वाचून सांगू शकतो. निरभ्र रात्री पत्रा आपली ऊब आभाळाला देऊन टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. आमच्या परभणीची थंडी तर राज्यात नावाजलेली, पारा चार-पाच अंशांवर उतरला की पेपरात नाव येतं. अशा गार पत्र्याला आतली दमट हवा लागली की तिच्यातलं पाणी सुटतं. माळवदाला हे होत नव्हतं, कारण वीतभर माती रात्रीतून तेवढी गार होत नाही, आणि झाली तरी थोडं पाणी पिऊन घेते, दिवसा सोडून देते. पण आबांना शास्त्राची गरज नव्हती. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. एवढी ओल जमिनीत आली कुठून?

आणि त्याचं उत्तर त्यांनीच दिलं. "कारन तू काळीवर बसलाय."

आपल्याकडं गावाचं नाव काढायचं तर 'काळी' आणि 'पांढरी' दोन्ही घ्यावी लागतात. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडक्या भिंती यांनी उंच झालेल्या पांढऱ्या टेकाडावर गाव बसायचं. काळ्या मातीत कोणी घर बांधायचं नाही. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि पाणी धरून ठेवते, हा तर तिचा गुण, म्हणून तर कापूस येतो. त्यात पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा आमच्या भागात आला, हिवाळ्यातही शेतं भिजायला लागली, ऊस लागला, विहिरींचं पाणी वर आलं. डांबरी रस्ते झाले तसे धंदे रस्त्याकडं सरकले. पिठाची गिरणी, पंक्चरचं दुकान, हॉटेल, आमचं वर्कशॉप, सगळी काळीवर. आमच्या पंजोबांनी जिथं कोंबड्याचं खुराडं बांधलं नसतं तिथं आम्ही वेल्डिंग मशीन ठेवलं होतं. मराठवाड्यातल्या रस्त्याकडच्या निम्म्या टीनशेडांची ही कथा आहे असं मला वाटतं. पत्र्याला सगळे नावं ठेवतात, खालच्या जमिनीकडं कोणी बघत नाही.

मग जमीन केली. पैसा नव्हता, पण अंगमेहनत होती. शेडमधली काळी माती दोन फूट खोल उकरून बाहेर काढली, ती शेजारच्या शेतात गेली. तिथं मुरूम भरला, गाडीच्या किती खेपा झाल्या याचा हिशोब राहिला नाही. मुरमातून पाणी खाली जातं, वर चढत नाही. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचा. दादा आणि मी ठोकायचो, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. त्यावर मेणकापड अंथरलं, जोडावर जोड हातभर चढवून, कडा भिंतीकडं वर वळवून. त्यावर वाळू आणि वाळूवर शहाबादी फरशी, तीही तुटकी, स्वस्तातली. शेडच्या भोवती चर खणला आणि वळचणीचं पाणी लांब काढून दिलं. बाजूचे पत्रे जमिनीत रोवलेले होते, ते खालून कुजायला लागलेच होते. ते कापून वर घेतले, खाली दोन फूट दगडाचं जोतं बांधलं आणि पत्रा जोत्याच्या बाहेरून चार बोटं खाली उतरेल असा मारला, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी बाहेरच पडतं.

पुढच्या हिवाळ्यात टपटप निम्म्यानं कमी झाली. पूर्ण गेली नाही, पण मशीन वाचलं. रॉडसाठी अण्णांनी जुन्या बिस्किटाच्या मोठ्या डब्यात शंभरचा बल्ब बसवला. बल्ब चालू, डबा बंद, रॉड कोरडे. ही युक्ती आजही चालू आहे, फक्त शंभरचा बल्ब आता मिळत नाही म्हणून भाचा कुठून कुठून शोधून आणतो.

राहिला उन्हाळा. ज्यानं मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली वेल्डिंग केलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. बाहेर ४३-४४ अंश. वरचा पत्रा इतका तापतो की हात लावला तर कातडी चिकटते, आणि ती आग वरून डोक्यावर ओतते, सावलीत उभं राहूनही. अण्णा तासाला दोनदा डोक्यावरून पाणी घ्यायचे. एकदा चक्कर येऊन मशीनवरच पडले. तेव्हा कोणीतरी सांगितलं, आतून बारदाना लावा, जिनिंगवाले लावतात. जुनी गोणपाटं स्वस्त होती. मायनं आणि आत्यानं ती दाभणानं एकमेकांना शिवली आणि आम्ही ती तारेनं पत्र्याला आतून घट्ट चिकटवून बांधली. तो उन्हाळा बरा गेला. सगळे म्हणाले, मिस्तरीनं डोकं लावलं.

डोकं चुकलं होतं, दोन ठिकाणी. पहिली चूक पावसाळ्यानंतर कळली. गोणपाटाला वास यायला लागला. ओली हवा गोणपाटातून आरपार जात होती, मागं पत्र्यावर तिचं पाणी होत होतं, आणि ते पाणी आता टपकत नव्हतं, गोणपाट पीत होतं. ओलं कापड पत्र्याला चोवीस तास चिकटलेलं. आतून जस्त खाल्लं गेलं आणि चांगले पत्रेसुद्धा चाळणी व्हायला लागले. टपकलेलं पाणी निदान दिसतं तरी. आजही मी लोकांना पाहतो, शहरातून चकचकीत फॉइलची गुंडाळी आणतात आणि थेट पत्र्याला चिकटवतात, कडा उघड्या ठेवून. मी सांगतो. कोणी ऐकतं, कोणी म्हणतं दुकानदारानं असंच सांगितलं.

दुसरी चूक माझ्या हातून उघडी पडली. १९९६ चा एप्रिल. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा, अण्णा जेवायला गेलेले, दादा बाजाराला. एकाचं कोळपं दुरुस्तीला आलं होतं, घाईचं. मला वाटलं, आपण करू. बाजूच्या भिंतीलगत उभं करून मी डाग मारायला लागलो. काच डोळ्यासमोर असली की बाकी काही दिसत नाही. वास आला तेव्हा मला वाटलं रंग जळतोय. काच खाली केली तर भिंतीवरचं गोणपाट धुमसत होतं, आणि मी पाहतोय तोवर ज्वाळ वर छताला गेली. जुना, वाळलेला, तेलाचे हात पुसलेला ताग. मी ओरडलो आणि पळालो. खरं लिहायचं तर पाणी टाकायचं सोडून मी पळालो.

अण्णा घास टाकून आले. आत गॅसची टाकी होती, गॅस वेल्डिंगची. ती बाहेर काढायला ते आत शिरले. टाकी निघाली. त्यांचा उजवा हात कोपरापासून भाजला. गावातल्या लोकांनी माती टाकून आग विझवली. माती, पाणी नव्हे. घरामागच्या ढिगाची पांढरी माती, पाट्या भरभरून.

अण्णांचा हात वाचला पण दोन बोटं वळायची थांबली. चार महिने शेड बंद. दादा तेव्हा परभणीला बारावीत होता, अभ्यासात माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार, विद्यापीठात कृषीला जायचं त्याच्या मनात होतं. जूनमध्ये त्यानं पिशवी भरली आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं पुण्याला, भोसरीला गेला, एका कारखान्यात. हप्ते त्यानं फेडले. मला कोणी काही बोललं नाही, अण्णाही नाही, दादाही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं बरेच दिवस वाटायचं.

शेड पुन्हा उभं करायचं ठरलं तेव्हा आबा पंचाहत्तरीच्या पुढं होते. या वेळी ते रोज यायचे, बाजेवर बसून सांगायचे आणि मी करायचो. त्यांचं सगळं माळवदाचंच ज्ञान, फक्त ओझं काढून टाकलेलं. तुराट्या गावात फुकट होत्या, तुरीचा हंगाम झाला की बांधावर ढीग. त्यांच्या दाट ताट्या विणल्या, चार बाय सहा फुटाच्या. दोन्ही बाजूंनी लिंपल्या. लिंपायला पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा, आठ दिवस भिजत घालून, रोज तुडवून. माती घरामागच्या ढिगाची. जळालेल्या भिंतीवर टाकून उरली होती ती. जाडी किती, यावर आबा कडक होते. "दोन बोटं. तिसरं बोट न्हाई." भूकंप तेही विसरले नव्हते.

या ताट्या पत्र्याला चिकटवल्या नाहीत. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून, पाइपाला लोखंडी पट्ट्या मारून त्यावर सरकवल्या, पाख्याच्या उतारानंच. वळचणीला ती फट उघडी ठेवली, जाळी मारून, चिमण्या आणि उंदीर येऊ नयेत म्हणून. आणि आढ्यावरचं झाकण काढून चार बोटं उंच उचलून बसवलं, लांबीभर. म्हणजे खालून हवा शिरते, तापलेल्या पत्र्याखालून वर चढते आणि आढ्यातून निघून जाते. आबांनी ती फट पाहून विचारलं, "हे सवणंच की रे, न्हाई का?" ते सवणंच होतं, तीस फूट लांबीचं. पाऊस तिरपा आला तर थोडे थेंब येतात. ते चालतं, मातीवर पडतात आणि दुपारपर्यंत वाळतात.

मातीला ठिणगी लागत नाही. हिवाळ्यात पत्रा घामला तर थेंब वरच्या वर लिंपणावर पडतो, पिला जातो, दिवसा उडून जातो. आतली हवा गार पत्र्यापर्यंत फारशी पोचतच नाही. उन्हाळ्यात खाली उभं राहून वर हात केला तर ताटी कोमट लागते, बास. एवढ्यात खर्च झाला तो पट्ट्यांचा, तारेचा, जाळीचा. बाकी सगळं गावातलं. पश्चिमेची भिंत जास्त तापायची, तिच्याबाहेर हातभर अंतरावर तुराट्यांचा नुसता कूड उभा केला आणि मायनं त्यावर दोडक्याचा वेल चढवला.

वरून चुना मी सुरू केला, आबांच्या पश्चात. दर चैत्रात पत्रा झाडून, धुऊन, चुन्याचे दोन हात. नुसता चुना पहिल्या पावसात जातो, म्हणून त्यात थोडं फेव्हिकॉल घालतो. पांढऱ्या रंगावरून ऊन परत जातं. हे लोकांना तेव्हा खुळं वाटायचं, 'मिस्तरीनं शेडाचं देऊळ केलं' म्हणून हसायचे. आता अहमदाबादेत महापालिकाच गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग द्यायला पुढं आली आहे, तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. हसणारे आता विचारायला येतात, किलोला किती फेव्हिकॉल.

एक भर मात्र नव्या जमान्याची आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स. वाढदिवस झाला की ते कोणीच नेत नाही. जाड, पाणी न झिरपणारं कापड. ताट्यांच्या वरच्या अंगाला आम्ही ते अंथरले आहेत, वळचणीकडं उतार ठेवून, म्हणजे पत्र्याचा घाम थेट बाहेर वाहतो आणि लिंपण दरवर्षीऐवजी तीन-चार वर्षांनी करावं लागतं. खाली माती असल्यामुळं ठिणगी तिथवर जात नाही, नाहीतर हे प्लास्टिक गोणपाटापेक्षा वाईट पेटेल, हे करणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. सगळ्या पक्षांचे नेते आमच्या आढ्याखाली एका ओळीत पालथे झोपलेले आहेत.

भाचा आता धंदा बघतो. त्याला मधे फोम भरलेले पॅनल टाकायचे आहेत, दोन्ही बाजूंनी रंगीत पत्रा, एका दिवसात काम. त्याचं चूक नाही. पैसे असले तर ती चांगली वस्तू आहे, आणि दर वर्षी चुना मारायला, लिंपायला माणूस मिळत नाही हे खरंच आहे. माळवद तरी शेवटी कशानं गेलं? खरडायला माणूस नव्हता म्हणूनच. मी त्याला एवढंच म्हटलं, फोम पेटतो, वेल्डिंगचा कोपरा तेवढा मातीचा ठेव. तो "बघू मामा" म्हणाला.

२०२४ च्या २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडं धक्का बसला, ४.५ रिश्टरचा, आमच्याकडंही जाणवला. मी शेडवरच होतो. पत्रे खडखडले, साखळ्या हलल्या, आणि ऐरणीवर मातीचे दोन पोपडे पडले. लोक रस्त्यावर आले. कोणीतरी म्हणालं, बरं झालं पत्रे आहेत. अर्ध्या तासात भोसरीहून दादाचा फोन. तो आता रिटायर व्हायला आलाय, पण गावाकडं काही झालं की सगळ्यांच्या आधी त्याचाच फोन येतो.

"सगळे नीट हायत ना?"

"हायत."

"शेड?"

"उभं हाय. ताटीची थोडी माती पडली."

"किती बोटं हाय रे जाडी आता?"

"दोन."

"बघ, वाढू देऊ नको," तो म्हणाला. मी शिडी लावून वर गेलो. एका ठिकाणी लिंपण तीन बोटं झालं होतं, कधीतरी घाईत हातावर हात चढलेला. खुरप्यानं ते खरडून काढलं आणि खाली पाटीत टाकलं.